'मेंबर': वर्धा नदीकाठी काढलेल्या गुन्हेगारपटाच्या कामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

संहिता आज बंद केली. गावात राहून, गावातल्याच माणसांना घेऊन सिनेमा काढू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवतोय.

गोष्ट देवळी तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावातली. १९८८ साली पंधरा वर्षांचा एक पोट्टा काकाच्या हातभट्टीला लाकडं पुरवतो आणि २०२३ साली पन्नाशीत रेतीच्या ट्रॅक्टरवर धरला जातो. मध्ये एकदा ग्रामपंचायतीत निवडून आला, तेव्हापासून गाव त्याला 'मेंबर' म्हणतं. जन्मभर त्याने गुन्ह्याशिवाय दुसरं काम केलं नाही.

गोष्टीचा सांगाडा नदीनेच दिला. अलीकडे वर्धा जिल्हा, तिथं सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. पलीकडे यवतमाळ, तिथं दुकानं उघडी. २०१५ च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातही बंदी आली आणि मेंबरचा धंदा दुप्पट झाला. २०२१ मध्ये ती उठली, तसा तो बसला. मग त्याने रेती धरली. त्याचं वर येणं आणि खाली जाणं हे असं कागदावरच्या निर्णयांनी ठरतं. बंदुकीचा, सूडाचा एकही प्रसंग आम्ही ठेवलेला नाही. आम्हाला दाखवायचंय ते एवढंच की हा माणूस गुन्हा रोजच्या कामासारखा करतो. पोती बांधतो, हिशोब ठेवतो, रात्री जागतो, थकतो आणि त्याचं मोल दुसऱ्यांची घरं चुकवतात.

१७ ऑक्टोबर

परवा विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सामान जमवण्याचं काम थांबवावं लागलं. आमच्या यादीत दारूच्या रिकाम्या बाटल्या, खोके आणि नोटांची बंडलं आहेत. रस्त्यावर भरारी पथकं गाड्या तपासताहेत. पन्नास हजारांवर रोकड सापडली की कागद दाखवावे लागतात. अशा दिवसांत दारूबंदीच्या जिल्ह्यात गाडीच्या डिकीत पव्व्यांचे खोके घेऊन फिरणं म्हणजे दिवसभर ठाण्यात बसण्याची तयारी. निवडणूक संपेपर्यंत एकही बाटली नदी ओलांडणार नाही, असं ठरवलं.

नोटांचं वेगळंच त्रांगडं आहे. २०१५ च्या प्रसंगात जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा हव्यात. २०१७ च्या कायद्याप्रमाणे बंद झालेल्या नोटा दहापेक्षा जास्त जवळ ठेवता येत नाहीत, आणि नोटेसारखी दिसणारी नोट छापणं हाही गुन्हाच. त्यामुळे पैशांचे सगळे प्रसंग नव्याने लिहिले. रक्कम नेहमी फडक्यात बांधलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, नाहीतर सरकीच्या पोत्यात. पैसा दिसत नाही, त्याचा आकार दिसतो. पडद्यावर हे जास्त खरं वाटतं, कारण गावात कुणी नोटांचा पंखा करून मोजत नाही.

३ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ध्वनिमुद्रकाच्या ओळखीने एका म्हाताऱ्या माणसाकडे गेलो. त्याने तीस वर्षं नदीवरून माल नेला. नाव, गाव कुठेही येणार नाही या अटीवर बोलला. सबंध दुपार ऐकत बसलो.

संहितेतला आमचा सगळ्यात आवडता प्रसंग त्याने एका वाक्यात मोडला. २००९ साली मेंबर तडीपार होतो. जिल्ह्याबाहेर, म्हणजे प्रत्यक्षात नदीपलीकडे. रात्री काठावर उभं राहिलं की स्वतःच्या गावचे दिवे दिसतात. आमच्या लिखाणात तो आईच्या तेरवीला चोरून नदी ओलांडतो. म्हातारा म्हणाला, "तेरवीले कोन जाते बाप्पा? पोलीस पयलेच तेथं बसून रायते. मी गेलो ते उधारीसाठी गेलो. तडीपार मानसाची उधारी कोन देते गा? दोन साल तिकडं रायलो का सगळं बुडते."

घरी येऊन प्रसंग बदलला. आता मेंबर आईच्या तेरवीच्याच दिवसांत येतो, पण घरी जात नाही. मागच्या दाराने उधारी गोळा करत फिरतो. एका घरात त्याला तेरवीचंच जेवण वाढलेलं ताट मिळतं, तो जेवतो आणि तिथलेही पैसे मोजून घेतो. या एका बदलाने सबंध माणूस उभा राहिला.

तडीपारीचा कागद सामानात लागणार आहे. कलम ५६, मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. आता कायद्याचं नाव 'महाराष्ट्र पोलीस कायदा' आहे, पण २००९ च्या कागदावर 'मुंबई पोलीस कायदा, १९५१' असंच हवं. दारूबंदी कायद्याचंही तसंच. जुन्या पंचनाम्यांवर 'मुंबई दारूबंदी कायदा, १९४९' लिहायचं.

१० नोव्हेंबर, वडसा

मेंबर मिळाला. झाडीपट्टीतला नट आहे, वय सत्तेचाळीस, हाताला शेतीचे घट्टे. दिवाळी झाली की देसाईगंज-वडशाच्या कंपन्या निघतात आणि होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात रात्र-रात्र नाटकं चालतात. दंडार या लोककलेतून वाढलेल्या या रंगभूमीवर हजारोंच्या गर्दीपुढे उभं राहिलेला माणूस कॅमेऱ्याला घाबरत नाही, हा मोठा फायदा.

अडचण तारखांची आहे. दादा होळीनंतरच सलग मोकळे. पण होळीनंतर नदीचं पाणी खाली जातं, डोंगा टेकतो. शेतात तोवर पऱ्हाटी उपटलेली असते. आम्हाला पांढरा कापूसही हवा, भरलेली नदीही हवी आणि हा नटही हवा. दुसरा माणूस घेण्याचा विचार कुणाच्याच मनात आला नाही. नाटकांच्या मधल्या खाड्यांच्या दिवशी बाहेरचे प्रसंग डिसेंबर-जानेवारीत उरकायचे आणि आतले सगळे मार्चमध्ये घ्यायचे, असं ठरलं. वडसा ते आमचं गाव जवळपास दोनशे किलोमीटर पडतं. रात्री नाटक, पहाटे गाडीत झोप, सकाळी शूटिंग. गाडी-ड्रायव्हरचा खर्च आमच्याकडे.

२७ नोव्हेंबर

निकाल २३ ला लागले, आचारसंहिता उठली. ग्रामपंचायतीचा ठराव, पोलीस ठाण्याला पत्र, तहसीलला पत्र, सगळ्यांच्या पोचपावत्या घेऊन प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घातल्या. पत्रात सामानाची यादीही जोडली: रिकाम्या बाटल्या किती, त्यात काय भरणार (पाणी), वर्दी किती, वर्दी कोण घालणार. ही यादी जोडाच. पुढे तिनेच दोनदा वाचवलं.

बाटल्यांचे प्रसंग तरीही यवतमाळच्या काठावरच घेणार. १८० मिलीचे ४८ पव्वे म्हणजे एक पेटी. आम्हाला दहा पेट्या दाखवायच्या होत्या, पण दोनच खऱ्या भरल्या. बाकी खोक्यांत विटांचे तुकडे. वजन हवंच, नाहीतर उचलणाऱ्याची पाठ खोटं बोलते.

बैलबंडीचा प्रसंग काढून टाकला. सिनेमात जनावर दाखवायचं तर आधी भारतीय पशु कल्याण मंडळाची परवानगी लागते. ती मिळेपर्यंत कापूस संपला असता. बंडीऐवजी डोक्यावर गाठोडं आणि लुना.

८ डिसेंबर

नदीवरचा पहिला दिवस. पहाटेचं धुकं हवं होतं, धुकं मिळालं, पण पहिला पाऊण तास वाया. कॅमेरा रात्रभर बाहेरच्या थंडीत गार पडलेला होता. काठावर बॅग उघडताच लेन्सवर आतून-बाहेरून पाणी धरलं. पुसून उपयोग नाही, पुन्हा धरतं. आतापासून कॅमेरा बॅग बंद ठेवूनच तासभर आधी काठावर आणून ठेवायचा. गार कॅमेरा दमट हवेत काढायचा असेल तिथं सगळीकडे हे लागू आहे.

डोंगेवाले काका रोजचे बाराशे रुपये घेतात, दोन डोंगे म्हणजे चोवीसशे. एकात नट, एकात कॅमेरा. लाइफ जॅकेट दोन्हीकडे. दादांनी ते घोंगडीखाली घातलं, आणि त्या जाडीमुळे थंडीत आखडून बसलेला माणूस आपोआप दिसला.

९ डिसेंबर

नदीवरची रात्र खऱ्या रात्री घ्यायचा प्रयत्न सोडला. काल जनरेटर लावून पाहिला. भाडं २,५०० आणि वर डिझेल. चित्र आलं, पण दिवे पोचले ते काठावरच्या बाभळीपर्यंत. नदी काळी भिंत झाली. जनरेटरच्या आवाजात वल्ह्याचा आवाज बुडाला, तो तर या प्रसंगाचा जीव.

आज सूर्य मावळल्यावरचा उजेड वापरला. साडेपाचच्या सुमारास सूर्य जातो, त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. व्हाइट बॅलन्स ३२०० केल्व्हिनवर, एक्स्पोजर दोन स्टॉप खाली, आकाश चौकटीबाहेर. सगळं निळसर काळं होतं, आणि मेंबरच्या हातातली एक बॅटरी तेवढी पिवळी. रंगीत तालीम दुपारीच पूर्ण करून ठेवायची, कारण त्या वेळात बोलायलाही सवड नसते. एका संध्याकाळी एकच शॉट, असा हिशोब धरला. वेळ जास्त लागेल, पैसे कमी.

२२ डिसेंबर

दादांचा आवाज. इतके दिवस नदीवर संवाद नव्हते म्हणून कळलं नाही. आज कापसाच्या शेतात पहिले संवाद होते आणि मीटर सतत लाल. मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय जन्माची आहे. "हळू बोला" म्हटलं की आवाज खाली जातो, पण त्याबरोबर माणूसही विझतो. शब्द पाठ म्हटल्यासारखे येतात.

दुपारच्या जेवणाला एक गोष्ट दिसली. दादा कापूस वेचणाऱ्या बायांशी गप्पा मारत स्वतःही बोंडं वेचत होते, आणि तेव्हाचं त्यांचं बोलणं अगदी साधं, तोंडातल्या तोंडात. जेवण झाल्यावर तोच प्रसंग पुन्हा घेतला. या वेळी त्यांच्या हातात पोतं आणि सुतळी दिली. तोंड शिवायचं, गाठ मारायची, पुढचं घ्यायचं, आणि बोलायचं ते मध्येच. पहिल्याच वेळी प्रसंग बसला. त्या संध्याकाळी संहितेतला प्रत्येक संवाद काढून बसलो आणि प्रत्येकापुढे मेंबरच्या हातात काय काम आहे ते लिहिलं. पोतं शिवणं, वही लिहिणं, लुनाचा प्लग पुसणं, सुपारी कातरणं.

सुपारीच, खर्रा नाही. विदर्भातला असा माणूस खर्रा घोटल्याशिवाय बोलत नाही हे खरं. पण पडद्यावर तंबाखू आली की सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्याच्या जाहिराती, प्रसंग चालू असताना खाली इशारा, हे सगळं लागतं. दारूच्या इशाऱ्याची तयारी आहेच. तंबाखूची भर नको.

२९ डिसेंबर

पैसे अडले. आम्हा पाच जणांपैकी दोघांचा वाटा कापसाच्या चुकाऱ्यातून यायचा होता. लांब धाग्याला हमीभाव ७,५२१ रुपये, खाजगीत त्यापेक्षा कमी. हमीभावासाठी थांबायचं तर केंद्रावर रांग, आणि पैसे खात्यात यायला वेळ. कॅमेऱ्याचं भाडं तोवर उधारीवर. नागपूरच्या भाड्याच्या दुकानदाराने सांभाळून घेतलं, त्याचे आभार. शेतीच्या पैशावर सिनेमा काढणाऱ्यांनी पहिलं वेळापत्रक विक्रीच्या तारखांचं करावं.

५ जानेवारी २०२५

आजचा दिवस सविस्तर लिहितो, कारण सिनेमा आज बदलला.

मेंबर लुनावरून गल्लीतून जातो, दारोदार पव्वे टाकतो, असा प्रसंग होता. (लुनाला जुनी पाटी लावली आहे. एमएच-३२ वगैरे मालिका १९८९ मध्ये आली, त्यामुळे पहिल्या भागात एमएच चालत नाही.) बघायला गर्दी. त्यात बचत गटाच्या बाया. गावात यांनीच कितीतरी वेळा भट्ट्या फोडल्यात, रात्री जागून पोलिसांना बोलावलंय. दुसऱ्या शॉटनंतर त्या सरळ चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. "कोनाचा सिनेमा काढून रायले? दारूवाल्याचा? त्याले हिरो करून रायले का?"

मी संहिता समजावून सांगितली. तो शेवटी एकटा पडतो, धरला जातो, सगळं सांगितलं. एक मावशी शांतपणे ऐकून म्हणाल्या, "तो पडते का उठते, आमाले काय त्याचं? इकनारा तं सगळेच दाखवते. पेनाऱ्याचं घर दाखवा न."

शूटिंग थांबवलं. मावशींच्या ओट्यावर चहा झाला आणि त्या बोलत गेल्या. आधी गाय गेली. मग छपराची टिनं गेली. मग पितळेची भांडी, मग पोरीची शाळा. त्यांनी क्रम सांगितला तो कुठल्याही लेखकाला सुचला नसता. टिनं भांड्यांच्या आधी गेली, कारण टिनाचे पैसे एकदम येतात. भांडी बायका लपवतात, म्हणून ती उरतात.

आम्ही संवाद एकही वाढवला नाही. मेंबरच्या वाटेवर एक घर ठेवलं. १९८८ पासून २०२३ पर्यंत तो दर फेरीला त्या घरावरून जातो आणि मागे ते घर उतरत जातं. पहिल्यांदा दारात गाय आहे. नंतर रिकामा खुंटा. नंतर टिनाच्या जागी ताडपत्री. शेवटी दारही नाही. मेंबर त्या घराकडे कधीच बघत नाही, प्रेक्षक बघतो. यासाठी झालेले बरेच शॉट पुन्हा घ्यावे लागणार. पुन्हा घेणार. मावशींनी घर निवडून दिलं, टिनं काढायला त्यांचाच मुलगा चढला.

ज्यांना गुन्हेगारावर सिनेमा काढायचाय त्यांनी काम सुरू होण्याआधी अशा बायांसमोर संहिता वाचावी. आम्हाला महिनाभर आधी हे मिळालं असतं तर दीड लाखाचं काम पुन्हा करावं लागलं नसतं.

१९ जानेवारी

भट्टी फोडण्याचा प्रसंग. बचत गटाच्या त्याच बाया. आमच्या संहितेत त्या काठ्या घेऊन धावत येतात आणि मडकी फोडतात. बायांनी ते वाचूनच सांगितलं, धावत गेलं की भट्टीवाला आवाजानेच पळतो. चुपचाप जायचं, आणि मडकी नसतात, पिंपं असतात. पिंप काठीने फुटत नाही. दोघींनी बुडाशी पाय लावून एकदम लोटायचं. तसंच केलं. सडव्याच्या (दारूसाठी आंबवलेल्या घोळाच्या) जागी गुळाचं पाणी आणि चहाची भुकटी. मोहफुलं आणलीच नाहीत, परवानगीचा घोळ नको म्हणून.

पिंपं पुन्हा भरायला दोन तास लागतात, म्हणून दोन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी घेतलं. दुसरा कॅमेरा म्हणजे मोबाइल. दोन्हीकडे २५ फ्रेम, शटर १/५०, नाहीतर अंगणातला एलईडी बल्ब फडफडतो. मावशींचा पाय घसरला आणि त्या पाण्यात बसल्या, लगेच उठल्या आणि दुसरं पिंप लोटलं. तो शॉट ठेवला आहे.

दुपारी सगळ्यांना रोडगे आणि वांग्याची भाजी. रांधणाऱ्याही त्याच, मजुरी वेगळी दिली.

२ फेब्रुवारी

वर्द्या नागपूरहून भाड्याने, एका वर्दीचे दिवसाला साडेतीनशे. शेजारच्या गावातले निवृत्त जमादार बघायला आले आणि एका नजरेत चूक काढली. ज्याला आम्ही पीएसआय म्हणतो त्याच्या खांद्यावर तीन तारे. पीएसआयला दोन. हवालदाराच्या बाहीवर फिती तीन हव्यात, होत्या दोन. दुपारपर्यंत शिवून घेतलं. वर्दी घालून कुणीही सेटबाहेर जायचं नाही, चहालाही नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळतोय.

२०१६ च्या पंचनाम्याचा कागद संगणकावर करून आणलेला होता, त्यावर भारतीय न्याय संहितेची कलमं. ती लागू झाली १ जुलै २०२४ पासून. फाडून हाताने लिहिला, दारूबंदीचं कलम ६५(ई). 'मुद्देमाल', 'पंचासमक्ष', 'कागदी लेबल लावून सीलबंद' ही भाषा जमादारांनी सांगितली. अक्षरही त्यांचंच.

९ फेब्रुवारी

रेतीचा प्रसंग फसला. नदीपात्रात ट्रॅक्टर, चार मजूर, फावडी, एलईडीचा उजेड. ट्रॅक्टर मिळायलाच आठवडा गेला होता, कारण पात्रात ट्रॅक्टर दिसला की जप्ती, ही भीती मालकांना. अखेर एक जण तयार झाला. अंधार पडता पडता महसूलचे लोक आले. कुणीतरी फोन केला होता. त्यांचं चुकलं असं नाही. लांबून बघणाऱ्याला ती चोरीच दिसणार. सामानाची यादी आणि पोचपावती दाखवली, ट्रॅक्टर सुटला, पण पात्रातून एक घमेलंही उचलायचं नाही असं स्पष्ट सांगून गेले. बरोबर आहे. परवानगी चित्रीकरणाची होती, उपशाची नव्हती. जमीन महसूल संहितेचं कलम ४८ सिनेमासाठी वेगळं नाही.

१६ फेब्रुवारी

काठाला लागून असलेल्या एका शेतकऱ्याच्या पडीत तुकड्यात खड्डा होता. तिथं रॉयल्टीची पावती असलेली दोन ब्रास रेती विकत आणून टाकली, तेरा हजार रुपये. पाण्याचे टँकर मारून ओली केली, कारण पात्रातली रेती ओली असते आणि फावड्याला चिकटते. तीच रेती पुन्हा पुन्हा भरली, उपसली. मागे खरी नदी दिसते. काम झाल्यावर रेती त्याच शेतकऱ्याच्या घरकुलाला दिली, जागेचं भाडं त्यातच फिटलं.

इथं ठाणेदाराचा एकच संवाद आहे. "आता तडीपार नाही मेंबर. एमपीडीए." त्या कायद्याच्या लांबलचक नावात हातभट्टीवालेही आहेत आणि वाळू तस्करही. वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं. म्हणजे मेंबरने धंदा बदलला तरी कायद्याच्या त्याच ओळीत थोडा पुढे सरकला, एवढंच. संवाद ऐकताना मेंबर ट्रॉलीचा खटका लावतोय.

१८ ते २४ मार्च

होळी झाली, दादा मोकळे. आतले प्रसंग सलग. दादांचा घसा हंगामभराच्या नाटकांनी बसलेला. आधी घाबरलो, मग म्हाताऱ्या मेंबरचे सगळे प्रसंग आधी घेतले. तो फुटका, खोल आवाज रंगभूषेने आला नसता. चार दिवस हळदीचं दूध आणि मौन, मग तरुणपणचे.

ध्वनीचा त्रास फार. शेजारी भागवत सप्ताह, भोंगा दिवसभर. डबिंगचा सल्ला सगळ्यांनी दिला. एक प्रसंग डब करून पाहिला. शब्द तेच, पण वऱ्हाडी बोलण्यात वाक्याच्या शेवटी जो हेल येतो तो माइकपुढे उभं राहून येत नाही. त्यामुळे सप्ताहाच्या मंडळींकडे जाऊन विचारलं. दुपारी एक ते तीन भोंगा बंद ठेवायला ते आनंदाने तयार झाले. दारं-खिडक्यांना गोधड्या. पंखा बंद, फ्रिजचं बटण काढलेलं. बटण काढताना गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे निघताना फ्रिज सुरू करायचं विसरत नाही.

१२ एप्रिल

पुन्हा घ्यायचे गल्लीचे शॉट. दुपारी कॅमेरा तापून बंद पडतो. ओला दुपट्टा, छत्री, काही चालत नाही. सकाळी साडेसहा ते नऊ, बस.

३१ मे

संकलनाचा पहिला पूर्ण मसुदा दोन तास दहा मिनिटं. खूप लांब. काढून टाकलं ते बहुतेक मेंबरच्या चांगल्या दिवसांचं: नवीन गाडी, पार्टी, ग्रामपंचायतीतला विजय. ते प्रसंग सुंदर आलेत, दादा त्यात मोकळे दिसतात. पण ते असले की माणूस आवडायला लागतो आणि मागचं घर दिसेनासं होतं. विजयाची मिरवणूक पूर्ण काढली. आता गाव त्याला 'मेंबर' का म्हणतं ते फक्त एका जुन्या पत्रकावरून कळतं, भट्टीवर जाळ लावताना तो ते चुलीत घालतो. एक तास एकोणपन्नास मिनिटं.

१४ जून

आतापर्यंतचा खर्च ७,४३,५०० रुपये. सगळ्यात मोठं खातं कॅमेऱ्याचं, १,६२,०००. नटांचं मानधन १,३५,०००. जेवण ९६,०००, त्यात काटकसर केली नाही आणि कुणी करूही नये. हार्ड डिस्क दोन जागी ठेवल्या, १९,५००. प्रमाणपत्राचा अर्ज आणि ध्वनीचं अंतिम मिश्रण बाकी, त्यासाठी लाखभर धरलेत.

१५ जून

प्रमाणपत्र नसल्याने जाहीर दाखवता येत नाही. ज्यांनी काम केलं त्यांनाच घरच्या अंगणात टीव्हीवर दाखवला. बचत गटाच्या बाया घराच्या प्रत्येक शॉटला बोलत होत्या, "आता टिनं जाईन पाय." गेली. शेवटी मावशींनी विचारलं, त्या घरातली पोरगी कुठे गेली ते का नाही दाखवलं. उत्तर माझ्याकडे नव्हतं. शोधतो आहे. एखाद्या शॉटची जागा आहे, शाळेच्या रस्त्यावर.

म्हातारा रात्री उशिरा, सगळे गेल्यावर आला. पूर्ण पाहिला. उधारीच्या प्रसंगाला थांबवायला सांगितलं आणि मेंबरच्या वहीवर बोट ठेवलं. "नावं कोन लिवते गा? वही सापडली का सगळं गाव आत. खुना करायच्या. चिच म्हंजे चिचेपासचा, खुटा म्हंजे तो गाय इकलेला." मग त्याने स्वतःच कागद मागितला आणि वीस-पंचवीस खुणा काढून दिल्या. तो गाय विकलेल्याचा खुंटा आमच्याच घराच्या दारातला आहे, हे त्याला सांगितलं नाही.

वही नवी करायची. प्रसंग पुन्हा नको, फक्त वहीचा जवळचा शॉट, हात दादांचाच हवा. दादा २१ तारखेला धानाच्या पेरणीतून एक दिवस येतो म्हणालेत. जुन्या बांधणीची लाल वही देवळीच्या बाजारात मिळते, दोन घेऊन ठेवतो.